एकाच जनुकातला बदल, बहिणीचा आजार वेगळा आणि भावाचा वेगळा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं या वेळी फिट येण्याविषयी आहेत. त्यातही मेंदूची घडण गर्भातच वेगळी झाल्यामुळे येणाऱ्या फिटविषयी जास्त. म्हणून हा अंक याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची. आठव्या वर्षापासून फिट येतात. अभ्यासात मागे आहे, पण स्वतःचं सगळं स्वतः करते. एमआरआयमध्ये 'डबल कॉर्टेक्स' असं आलं. धाकटा मुलगा दहा महिन्यांचा, अजून मान धरत नाही. त्याच्या रिपोर्टमध्ये 'लिसेनसेफली' आहे. डॉक्टर म्हणतात, दोघांचं मूळ एकच. मूळ एकच असेल तर एक चालती-बोलती आणि दुसरा असा, हे कसं? – तासगाव

तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. गर्भात मेंदूच्या चेतापेशी मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या भिंतीशी तयार होतात. तिथून निघून त्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत चढत जातात आणि सहा थर रचतात. या थरांनाच कॉर्टेक्स म्हणतात. हा प्रवास मुख्यतः गरोदरपणाच्या बाराव्या ते चोविसाव्या आठवड्यात होतो. या प्रवासाला डबलकॉर्टिन नावाचं प्रथिन लागतं. पेशीच्या आतला सांगाडा ते धरून ठेवतं, आणि त्या सांगाड्याच्या जोरावर पेशी पुढे सरकते. या प्रथिनाचं जनुक, डीसीएक्स, १९९८ साली सापडलं आणि ते एक्स गुणसूत्रावर आहे. तुमच्या घरातलं कोडं इथेच सुटतं.

मुलाकडे एक्स एकच असतो. त्यावरचं डीसीएक्स बिघडलेलं असेल तर त्याच्या प्रत्येक चेतापेशीत बिघाड असतो. बहुतेक पेशी वाटेतच थांबतात, मेंदूच्या पृष्ठभागावर वळ्या पडत नाहीत आणि तो गुळगुळीत किंवा मोजक्या जाड वळ्यांचा राहतो. हीच लिसेनसेफली.

मुलीकडे दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशी त्यातला एकच वापरते. दुसरा गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत बंद होतो. कोणत्या पेशीत कोणता बंद व्हावा, याला नियम नाही. मेरी लायन या शास्त्रज्ञेने १९६१ साली हे मांडलं. दोन वाणांचं बी मिसळून पेरलं की एकाच वाफ्यात दोन्ही उगवतात, तशा मुलीच्या मेंदूत दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी असतात. चांगला एक्स चालू असलेल्या पेशी वरपर्यंत पोचतात आणि नेहमीचं कॉर्टेक्स रचतात. बिघडलेला एक्स चालू असलेल्या पेशी मध्येच अडकतात आणि कॉर्टेक्सखाली पांढऱ्या भागात करड्या पेशींचा दुसरा पट्टा तयार होतो. हाच 'डबल कॉर्टेक्स'.

पट्टा किती जाड, हे त्या दोन तऱ्हांच्या प्रमाणावर अवलंबून असतं. जाड पट्टा असेल तर बौद्धिक अडचण जास्त आणि फिट लवकर सुरू होतात. पातळ पट्टा असलेली मुलगी शाळा-कॉलेज पूर्ण करून संसार करू शकते. डबल कॉर्टेक्स असलेल्या मुलींपैकी दहातल्या आठ-नऊ जणींना फिट येतात, आणि फिट येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींना एक-दोन औषधांनी पुरेसा आराम पडत नाही. मुलीचं औषध वारंवार बदलावं लागलं तर त्यात तुमची किंवा डॉक्टरांची चूक शोधू नका. पट्टाच हट्टी आहे.

रिपोर्टमध्ये एक गोष्ट पाहा. डीसीएक्सच्या बिघाडात कपाळाकडचा भाग जास्त बाधित असतो. डोक्याच्या मागचा भाग जास्त बाधित असेल तर संशय १७ व्या गुणसूत्रावरच्या एलआयएस-१ जनुकावर जातो. ते जनुक एक्सवर नसल्यामुळे त्याचा आजार मुलांना आणि मुलींना सारखाच होतो. कोणतं जनुक आधी तपासायचं, हे त्यावरून ठरतं. तुमच्या घरात बहिणीला पट्टा आणि भावाला गुळगुळीत मेंदू आहे, म्हणून डीसीएक्सच आधी तपासा.

प्रश्न : आमचं लग्न नात्यातलं, मामाच्या मुलीशी. मुलाला लिसेनसेफली निघाल्यापासून घरात दोन मतं आहेत. कोणी म्हणतं नात्यात केल्यामुळे झालं, कोणी म्हणतं बायकोच्या रक्तात दोष आहे. पुढचं मूल होऊ द्यावं का? – कराड

आधी नात्याचं. मामे-आते भावंडांच्या लग्नात जे आजार वाढतात, त्यात आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. रीलिन जनुकाची लिसेनसेफली तशी आहे, आणि त्यात डोक्याच्या मागचा छोटा मेंदूही (अनुमस्तिष्क) नेहमीपेक्षा लहान असतो. डीसीएक्स किंवा एलआयएस-१ मुळे झालेल्या लिसेनसेफलीचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही. त्यामुळे मुलाच्या जनुकाचं नाव कळेपर्यंत घरातलं कोणतंच मत ग्राह्य धरू नका.

आता 'बायकोच्या रक्तातला दोष'. मुलाचा एक्स आईकडूनच येतो, वडिलांकडून येतो तो वाय. त्यामुळे डीसीएक्सचा बदल वडिलांकडून मुलाकडे जाऊच शकत नाही. पण आईकडून आला म्हणजे आईने काही केलं, असा त्याचा अर्थ होत नाही. कित्येकदा तो त्या मुलातच पहिल्यांदा झालेला असतो. आईच्या सगळ्या पेशींत असला तरी तिच्या मेंदूत चांगला एक्स जास्त पेशींत चालू राहिला असेल तर तिला कधी फिटही आलेली नसते आणि तिला काही ठाऊकही नसतं. ग्रहण पाहिलं, उपास केले, जड उचललं, यातल्या कशानेही हे जनुक बदलत नाही. सुनेला हे ऐकवणं थांबलं पाहिजे, आणि ते थांबवणं नवऱ्याचं काम आहे.

तपासणीचा क्रम असा. पहिलं रक्त मुलाचं, दोन ते तीन मिलिलिटर, जांभळ्या झाकणाच्या नळीत. फक्त डीसीएक्स तपासायचं असेल तर जनुकाचं पूर्ण वाचन हवं आणि त्याचा तुकडा गळला किंवा दुप्पट झाला आहे का, हेही हवं. दुसरा भाग वेगळा मागावा लागतो आणि तो राहून गेला की रिपोर्ट खोटाच 'नॉर्मल' येतो. चित्र स्पष्ट नसेल तर अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी सोयीची. मुलात बदल सापडल्यावर नेमका तोच बदल आईच्या रक्तात शोधायचा. ही दुसरी तपासणी लहान आणि स्वस्त असते. आईत सापडला तर तिचा एमआरआयही करावा, आणि तिच्या बहिणींना तपासणीविषयी सांगावं.

आईमध्ये बदल असेल तर प्रत्येक गरोदरपणात तो बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी. मुलगा असेल तर लिसेनसेफली, मुलगी असेल तर कमीजास्त जाडीचा पट्टा. आईच्या रक्तात बदल सापडला नाही तरी धोका शून्य होत नाही, कारण तो फक्त काही बीजांडांत असू शकतो. म्हणून दोन्ही स्थितींत पुढच्या गरोदरपणात चाचणी सुचवली जाते : वारेचा नमुना ११ ते १३ व्या आठवड्यात, किंवा गर्भजल १६ व्या आठवड्यानंतर. नेहमीच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीवर विसंबू नका. त्या वेळी निरोगी गर्भाचा मेंदूही बराचसा गुळगुळीतच असतो, त्यामुळे लिसेनसेफली निसटते. वळ्यांबद्दल बोलता येतं ते सातव्या महिन्यानंतरच्या गर्भाच्या एमआरआयवर, आणि तेव्हा निर्णयाला फार उशीर झालेला असतो. २४ आठवडे उलटल्यावर गर्भात गंभीर व्यंग आढळलं तर गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार वैद्यकीय मंडळ निर्णय देतं.

कायद्याचं भय बाळगू नका, पण तो नीट समजून घ्या. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांच्या गर्भचाचणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. गर्भ मुलाचा की मुलीचा हे सांगण्याला मात्र बंदी आहे, खुणेनेसुद्धा. तुमचा प्रश्न 'घरात सापडलेला बदल या गर्भात आहे का' एवढाच असायला हवा.

प्रश्न : वय २६. पंधराव्या वर्षी पहिली फिट आली. शिक्षण बी.कॉम., नोकरी करते. एमआरआयमध्ये 'पेरिव्हेंट्रिक्युलर नोड्युलर हेटरोटोपिया'. लग्नानंतर दोनदा गर्भपात झाला. दोन्हींचा संबंध आहे का? सध्या फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे. – मिरज

संबंध असू शकतो. तुमच्या आजारात चेतापेशी पोकळीच्या भिंतीशीच राहून जातात आणि तिथे गाठींसारख्या दिसतात. दोन्ही बाजूंना ओळीने गाठी असतील तर पहिला संशय एफएलएनए या जनुकावर. तेही एक्सवरच आहे आणि तेही १९९८ मध्येच सापडलं. तुमची बुद्धी उत्तम, फिट किशोरवयात सुरू झालेल्या, हे चित्र त्याला धरूनच आहे.

तासगावच्या पत्रातल्या आजाराशी तुलना करून पाहा. डबलकॉर्टिन प्रामुख्याने वाढत्या मेंदूच्या चेतापेशींत काम करतं. म्हणून त्याचा बिघाड असलेला मुलगा जन्माला येतो, पण मेंदू गुळगुळीत घेऊन. एफएलएनएचं प्रथिन हृदयात, रक्तवाहिन्यांत, रक्तबिंबिकांत (प्लेटलेट), फुप्फुसांत सगळीकडे लागतं. एकच एक्स असलेला मुलगा त्याशिवाय सहसा गर्भातच तग धरत नाही, म्हणून हा आजार आपल्याला दिसतो तो मुख्यतः बायकांमध्ये. ज्या घरात आई, मावशी, आजी यांना वारंवार गर्भपात झाले आणि मुलींपेक्षा मुलगे कमी जन्मले, तिथे हा आजार विचारात घ्यावा. बदल असलेल्या बाईच्या जिवंत जन्मणाऱ्या मुलांचा हिशेब साधारण असा : एक तृतीयांश बदल असलेल्या मुली, एक तृतीयांश निरोगी मुली, एक तृतीयांश निरोगी मुलगे. दोन गर्भपातांना इतर कारणंही असतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांची नेहमीची तपासणी सोडू नका.

तीन कामं आता करा.

पहिलं, हृदयाचा टूडी इको. या बदलात झडपांचे दोष, जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी उघडी राहणं आणि महाधमनी रुंद होणं आढळतं. इको सांगताना 'महाधमनीच्या मुळाची रुंदी मोजा' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. गरोदरपणात महाधमनीवर ताण वाढतो, म्हणून हे आधी कळायला हवं. दुसरं, प्लेटलेटची संख्या. पाळीत जास्त रक्त जातं का, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो का, हेही डॉक्टरांना सांगा. व्हॅल्प्रोएटनेही प्लेटलेट कमी होतात, म्हणजे तुमच्या बाबतीत दोन कारणं एकत्र येऊ शकतात.

तिसरं काम सगळ्यांत तातडीचं. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर शंभरातल्या साधारण दहा बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतं, आणि तीस ते चाळीस मुलांच्या बोलण्यात, बुद्धीत किंवा वागण्यात अडचण दिसते. मूल हवं असणाऱ्या बाईसाठी हे औषध शक्यतो नकोच. पण उद्या सकाळी गोळी बंदही करू नका. अचानक बंद केल्याने न थांबणारी फिट येऊ शकते. न्यूरॉलॉजिस्ट लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन जोडून व्हॅल्प्रोएट हळूहळू उतरवतील. व्हॅल्प्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिन एक दिवसाआड २५ मिलिग्रॅमपासूनच सुरू करतात. घाई केली की अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. हा बदल पूर्ण व्हायला काही महिने लागतात, तोवर गर्भनिरोधक वापरा. पुढे गरोदरपणात लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण बरंच घसरतं, म्हणून मात्रा वाढवावी लागते. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत ती परत उतरवली नाही तर चक्कर, दुहेरी दिसणं, तोल जाणं सुरू होतं.

फॉलिक ॲसिड रोज ५ मिलिग्रॅम, गर्भ राहण्याच्या किमान एक ते तीन महिने आधीपासून. उपकेंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीत फॉलिक ॲसिड फक्त अर्धा मिलिग्रॅम असतं. त्या दहा गोळ्या घेणं हा पर्याय नव्हे, लोह विषारी होईल. ५ मिलिग्रॅमची वेगळी गोळी मिळते.

प्रश्न : मुलीचा सीटी स्कॅन नॉर्मल, पहिला एमआरआयही नॉर्मल. आता दुसरे डॉक्टर परत एमआरआय सांगतात. खर्च वाया जाणार नाही ना? – वाई

बहुधा नाही. आपल्याकडे पहिल्या फिटनंतर स्कॅन होतो तो प्रामुख्याने मेंदूतला जंताचा कोष, क्षयाची गाठ किंवा रक्तस्राव पाहायला. त्यासाठी जाड काप पुरतात. पातळ पट्टा किंवा चार-पाच मिलिमीटरची गाठ त्या कापांच्या मधून निसटते. या वेळी चिठ्ठीवर 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' असं लिहून घ्या : शक्य तर ३ टेस्लाचं यंत्र, संपूर्ण मेंदूचे १ मिलिमीटर जाडीचे थ्रीडी टी-१ काप, थ्रीडी फ्लेअर, आणि टी-२ चे काप. फिट कशी सुरू होते, डोकं कुठे वळतं, कोणता हात आधी ताठतो, हे चिठ्ठीवर असू द्या. रेडिऑलॉजिस्ट मग तिथे मुद्दाम पाहतात. नुसता छापील अहवाल नको, सीडीही घ्या आणि जपून ठेवा. मूल दोन वर्षांच्या आतलं असताना काढलेला एमआरआय अडीच-तीन वर्षांनंतर पुन्हा काढावा लागतो, कारण तान्ह्या मेंदूत करडा आणि पांढरा भाग नीट वेगळा दिसत नाही.

प्रश्न : शाळेत जीवशास्त्र शिकवते. मुलगा-मुलगी यांच्यातला हा फरक फक्त एक्स गुणसूत्रामुळेच पडतो का? – सातारा

नाही. आणि प्रत्येक बिघाड मुलगा-मुलगी असा भेद करतो, असंही नाही. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया, म्हणजे कॉर्टेक्सच्या एका तुकड्याची बिघडलेली घडण, ही फिटची शस्त्रक्रिया लागणारी नेहमीची विकृती. तिच्या दुसऱ्या प्रकारात पेशींच्या वाढीचं नियंत्रण करणाऱ्या एमटॉर साखळीतल्या जनुकांत, मेंदूच्या तेवढ्याच तुकड्यात बदल झालेला असतो. तो मुलग्यांत आणि मुलींत दोघांतही दिसतो, आणि रक्ताच्या तपासणीत सहसा सापडत नाही. उलट, डबल कॉर्टेक्स क्वचित मुलग्यांतही दिसतो. तिथे बदल काही पेशींतच असतो किंवा प्रथिन अर्धवट काम करत असतं.

फरक पडण्याचं एक्सशिवायचं दुसरं कारण संप्रेरकांचं. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या कॉर्टेक्सवर बारीक थंड इजा करून लहान, बिघडलेल्या वळ्या तयार करण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात झाले. वळीचा दोष नर-मादी दोघांत तसाच तयार झाला. पण एकामागोमाग झटपट येणारे आवाज वेगळे ओळखणं नरांनाच जड गेलं, आणि आवाजाची माहिती पुढे पाठवणाऱ्या केंद्रात लहान पेशींचं प्रमाण नरांतच वाढलं. जन्माच्या सुमारास माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांच्यातही नरांसारखा बदल दिसला. म्हणजे इजा सारखी असली तरी ती पचवण्याची मेंदूची ताकद त्या वेळच्या संप्रेरकांवरही ठरते. मुलांना शिकवताना हे जरूर सांगा, फक्त उंदरावरून एखाद्या माणसाचं भाकीत होत नाही, हेही त्यासोबत सांगा.

प्रश्न : डबल कॉर्टेक्स, वय १९. पाळीच्या आधी दोन दिवस हमखास फिट येते. गोळ्या वेळेवर आहेत. – विटा

इस्ट्रोजेनने मेंदूची उत्तेजना वाढते, प्रोजेस्टेरॉनपासून बनणाऱ्या घटकाने ती शांत होते. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं, म्हणून तेव्हा फिट. आधी तीन महिने कॅलेंडरवर खूण करा : पाळीचा पहिला दिवस, प्रत्येक फिट, विसरलेली गोळी, जागरण. ऊसतोडणीच्या हंगामात किंवा जत्रेत रात्री जागून काढल्या असतील तर त्याही लिहा, कारण जागरण आणि पाळी एकत्र आली की दोष कोणाचा ते कळत नाही. नक्षा खरोखर पाळीशी जुळला आणि पाळी नियमित असेल, तर त्या ठरावीक दिवसांपुरतं क्लोबाझाम हे फिटचं जादा औषध देतात. ते महिनाभर चालू ठेवलं की शरीराला सवय होऊन परिणाम उतरतो.

पुढे गर्भनिरोधक गोळी घ्यायची वेळ आली तर फिटच्या गोळ्यांची नावं आधी सांगा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटल यांनी गर्भनिरोधक गोळी निकामी होते. उलट इस्ट्रोजेनची गोळी लॅमोट्रिजिनचं प्रमाण खाली आणते.

प्रश्न : मुलगा पाच महिन्यांचा, लिसेनसेफली. झोपेतून उठला की दहा-पंधरा वेळा ओळीने दचकतो, हात पसरून पुढे वाकतो. घरचे म्हणतात पोट दुखतंय. – कोरेगाव

हे पोटदुखीचं लक्षण नाही. ओळीने येणारे असे झटके म्हणजे इन्फंटाइल स्पाझम, तान्ह्या बाळांच्या फिटचा एक गंभीर प्रकार, असण्याची दाट शक्यता आहे. मोबाइलवर पूर्ण ओळ चित्रित करा आणि आज-उद्यातच मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) लागेल. उपचार एसीटीएच हे संप्रेरक किंवा जास्त मात्रेतलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, किंवा व्हिगाबॅट्रिन हे फिटचं औषध. स्टेरॉइड चालू असताना रक्तदाब आणि लघवीतली साखर तपासत राहावी लागते, आणि लसीकरण डॉक्टरांना विचारूनच.

दूध पाजताना बाळ आडवं नको. डोकं आणि छाती उंच धरा, वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजा, पाजल्यावर अर्धा तास तसंच धरा. पाजताना खोकला किंवा छातीत घरघर वारंवार होत असेल तर दूध श्वासनलिकेत जातंय. अशी मुलं फिटपेक्षा न्यूमोनियाने जास्त खालावतात, म्हणून नळीने आहार सुचवला तर तो हार समजू नका.

मोठी फिट आली तर घड्याळ पाहा, कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही नको, कांदा-चप्पल काही नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मिडाझोलामचा फवारा, दर किलोला ०.२ मिलिग्रॅम. इथे चूक होते ती बाटलीत. एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम देणारी बाटली मिळते आणि १.२५ देणारीही. सात किलोच्या बाळाला १.४ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या बाटलीचे तीन फवारे, दुसरीचा एकच. डॉक्टरांकडून फवाऱ्यांचा आकडा लिहून घेऊन बाटलीवरच चिकटवा, आणि दुकानदाराने बाटली बदलून दिली तर आकडाही बदलून घ्या.

जिल्हा रुग्णालयातल्या लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपीसाठी नाव घाला. अपंगत्वाचं ओळखपत्र काढल्यावर केंद्र सरकारच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचा विमा मिळतो. त्यात रुग्णालयात दाखल न होता घेतलेली थेरपीही धरतात.

प्रश्न : ऑपरेशन करून तो दुसरा पट्टा काढता येतो का? – पलूस

नाही. पट्टा दोन्ही बाजूंना पसरलेला असतो आणि वरच्या कॉर्टेक्सशी जोडलेला असतो. डबल कॉर्टेक्समध्ये एका बाजूचा तुकडा काढून मिळणारा फायदा फारसा टिकत नाही. उभ्या उभ्या कोसळण्याच्या फिट असतील तर दोन अर्धगोलांना जोडणारा पूल कापण्याने पडणं कमी होतं. लहान मुलांत किटोजेनिक आहार (भरपूर तूप-तेल, अगदी कमी पीठ-साखर) उपयोगी ठरतो. मिरजेच्या पत्रासारख्या गाठी मोजक्या आणि एकाच बाजूला असतील तर गोष्ट वेगळी : मेंदूत बारीक तारा घालून फिट नेमकी गाठीतून सुटते की वरच्या कॉर्टेक्समधून, हे पाहून ठरवतात. दोन योग्य औषधं पूर्ण मात्रेत देऊनही फिट थांबल्या नाहीत, की मुंबईचं केईएम किंवा तिरुअनंतपुरमचं श्री चित्रा अशा केंद्रात एकदा तपासून घ्या. जाताना एमआरआयची सीडी, फिटचा व्हिडिओ, आजवरच्या प्रत्येक औषधाचं नाव, सर्वांत मोठी मात्रा आणि ते का बंद केलं, असा एक कागद सोबत न्या.